पाच जिन्नसांचे पेय आणि भंडाऱ्याचा मोह

रममध्ये संत्र्या-अननसाचा ताजा रस, लिंबू, साखर व बर्फ घालून जे गारेगार पेय करतात त्याला 'पंच' असे नाव आहे. हे पेय साहेबांनी आपल्याकडे आणले, असा आपल्या कुटुंबांतून सार्वत्रिक समज आढळतो. वास्तविक ते साहेबांनीच येथून उचलले.

'पंच' हा शब्द प्रथम आढळतो तो ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराने १६३२ साली हिंदुस्थानातून लिहिलेल्या पत्रात. पुढे १६३८ साली सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने त्याचे घटक सांगितले: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. शिवकाळात कोकणापासून जुन्नरपर्यंत फिरलेला कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर गोव्यातील नेरूळच्या मद्याची वाखाणणी करतो, आणि जिन्नस पाच म्हणून नाव 'पंच', असा उलगडा करतो. काही भाषापंडितांना हे मान्य नाही. पिंपाच्या इंग्रजी नावातून हा खलाशांचा शब्द निघाला असे ते म्हणतात. मांडेल्स्लोचे घटक चारच भरतात, ही अडचण आहेच. तरीही येथे राहून ऐकलेल्या माणसाची साक्ष आम्हांस अधिक वजनदार वाटते.

त्या पेयात तेव्हा रम नव्हती. ताडा-माडाची किंवा गुळाची दारू होती. वेस्ट इंडीज बेटांत उसाच्या मळीपासून रम निघू लागली, तेव्हा तिने ती जागा घेतली. आंबट एक भाग, गोड दोन, कडक तीन आणि पाणी वा रस चार, हे प्रमाण तिकडचेच. आपल्याकडची प्रसिद्ध 'ओल्ड मंक' रम तर १९५४ सालची. (नावात संन्यासी असला तरी आम्हां पुरोहितांचा तिच्याशी संबंध नाही!)

आता भंडाऱ्याकडे वळू. येथील कोहळी समाजाने तलाव बांधले आणि त्यांच्या पाण्यावर ऊस पिकविला. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात या दोन्ही गोष्टींसाठी त्यांचा उल्लेख आहे. म्हणजे गूळ घरचा, पाणी घरचे, लिंबू परसातले. आणि कडक घटक? तो मोहाचा. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची रसाळ फुले झाडाखाली पडतात. बायका-मुले ती टोपलीत वेचतात, अंगणात वाळवितात. गोडव्यामुळे ती भाजून खाल्ली जातात, त्यांचे लाडू होतात, आणि पाण्यात आंबवून भट्टीवर दारूही काढली जाते. गोंडांच्या देवकार्यात या दारूला मान आहे.

याच दोन प्याल्यांच्या बाबतीत इतिहासाने पंक्तिप्रपंच केला. फ्रेंच वैद्य बर्नियरने सतराव्या शतकातच बंगालमधील गोऱ्यांचे हे पेय चवीला छान, पण शरीरास घातक असल्याचे लिहून ठेवले. तरी वखारीतला प्याला हा शिष्टाचार ठरला. मोहाच्या भट्ट्या मात्र सरकारी महसुलाचे साधन बनल्या. मक्ता ज्याचा, भट्टी त्याची, आणि घरची भट्टी म्हणजे गुन्हा. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा आला आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची नुसती फुले जवळ बाळगण्यावरही बंधन घातले. दारू दूरच, उपासमारीच्या दिवसांत पोटाला आधार देणारे अन्नच संशयित झाले. दारूने घरे उद्ध्वस्त होतात, हे आम्ही जाणतो आणि त्याविरुद्ध बोलतोही. परंतु या कायद्यांमागे घरांची काळजी किती आणि तिजोरीची किती, हा प्रश्न इतिहासाच्या वाचकाने विचारलाच पाहिजे.

स्वातंत्र्यानंतरही मोहफुलांच्या साठवणुकीवर व वाहतुकीवर परवान्याची बंधने राहिली. महाराष्ट्र शासनाने ती २०२१ साली शिथिल केली. पहाटे टोपली घेऊन निघणाऱ्या बाईला हा बदल कळण्यास तिच्या गावचा बाजार भरावा लागला असेल.