सुतारकामाची हौस आणि परदेशवारी : देवणीसारख्या गावातून ग्रुप ट्रिप कशी आखायची?

रील्सवर जपानी सुतार लाकडाचा कागदापेक्षा पातळ काप काढताना दिसतो आणि आपण तो व्हिडिओ तीनदा बघतो. खिळा न ठोकता दोन तुळया एकमेकींत बसतात, तेव्हा तर स्क्रोल करणारा अंगठा थांबतोच. देवणी, उदगीर, निलंगा भागात सुतारकाम नवीन नाही. तिफण, कुळव, बैलगाडी, माळवदाच्या तुळया हे सगळं इथल्याच हातांनी घडवलंय. आता शिक्षक, शेतकरी, दुकानदारही हौस म्हणून रंधा हातात घेतात. अशा आठ-दहा जणांनी मिळून परदेशात लाकूडकाम बघायला जायचं ठरवलं, तर सुरुवात कुठून करायची?

पहिला देश कोणता?

पहिल्यांदाच देशाबाहेर जाणाऱ्या ग्रुपसाठी नेपाळ सगळ्यात सोपा. भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. नुसतं आधार कार्ड घेऊन निघालात तर अडकाल. त्याची सवलत 65 वर्षांवरील आणि 15 वर्षांखालील प्रवाशांपुरती आहे. 1 भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी रुपये, हा दर 1993 पासून बांधलेला आहे, त्यामुळे हिशोब सोपा जातो. मात्र कोणत्या भारतीय नोटा किती नेता येतात याचे नियम बदलत असतात. निघण्याआधी ते बघून घ्या.

बघायचं काय? काठमांडू खोऱ्यातलं नेवार कारागिरांचं काम. भक्तपूरचा 55 खिडक्यांचा राजवाडा, तिथल्याच पुजारी मठाची मोर-खिडकी आणि मठातलं लाकूडकोरीव संग्रहालय, पाटणचा दरबार चौक. शिवाय बुंगमती हे गाव लाकडावर कोरीव काम करणाऱ्यांचं म्हणूनच ओळखलं जातं.

लातूरकरांसाठी यात आणखी एक धागा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जड भिंती कोसळल्या आणि हजारो जीव गेले. 25 एप्रिल 2015 ला नेपाळ हादरला. ज्या वास्तूवरून काठमांडूला नाव मिळालं असं मानतात, तो काष्ठमंडप त्यात जमीनदोस्त झाला. पुढे तो पारंपरिक पद्धतीनेच पुन्हा उभारला गेला. भूकंपाच्या पट्ट्यात लाकडाचे सांधे कसे करतात, हे आपल्या भागातल्या माणसाने प्रत्यक्ष बघण्यासारखं आहे.

आणि जपान?

खर्च आणि कागदपत्रं दोन्ही जास्त, पण हत्यारांची आवड असेल तर तोड नाही. मुक्काम ओसाका-कोबे भागात ठेवला तर धावपळ कमी होते. कोबेमध्ये 1984 साली सुरू झालेलं ताकेनाका सुतारी-हत्यार संग्रहालय आहे. जवळचं मिकी शहर करवती, रंधे, पटाश्या बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. नारा भागातल्या होर्यूजी मंदिरात जगातल्या सगळ्यात जुन्या टिकून राहिलेल्या लाकडी इमारती आहेत. जपानच्या लाकडी वास्तू जतन करण्याच्या कौशल्यांना युनेस्कोने 2020 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

जपानी करवत ढकलताना कापत नाही, ओढताना कापते. ओढताना पातं ताणलेलं राहतं, म्हणून ते पातळ ठेवता येतं आणि काप बारीक येतो. रंधाही ते स्वतःकडे ओढतात. हे घरीच थोडं वाचून-बघून गेलात तर तिथे विचारायला नेमके प्रश्न असतील.

जपानसाठी व्हिसा लागतो. अर्जासोबत बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न अशी कागदपत्रं मागतात. ग्रुपमधल्या ज्यांचं उत्पन्न फक्त शेतीचं आहे आणि रिटर्न भरलेला नाही, त्यांनी पर्यायी कोणती कागदपत्रं चालतील हे आधीच विचारून घ्यावं. एकाचा व्हिसा अडला की सगळ्यांची तिकिटं लटकतात.

कधी निघायचं?

सोयाबीनची रास झाली, हरभऱ्याची पेरणी उरकली की नोव्हेंबरच्या मध्यापासून शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. नेपाळमध्येही तेव्हा पाऊस संपून हवा स्वच्छ झालेली असते. दसाईं आणि तिहार या तिथल्या मोठ्या सणांत मात्र कार्यशाळा बंद असू शकतात, तारखा बघून घ्या. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा सुट्ट्यांचा आठवडा टाळा.

पासपोर्ट सहा महिने आधीच काढा. प्रौढांसाठी 36 पानी पासपोर्टची फी 1,500 रुपये, तत्काळसाठी 2,000 जादा. विमानासाठी मुंबई-पुण्यापेक्षा देवणीहून हैदराबाद जवळ पडतं.

पैशांवरून भांडण कसं टाळायचं?

ग्रुप ट्रिप बहुतेक वेळा पैशांवरच मोडते. म्हणून हे आधी लिहून काढा :

- कोण पैसे गोळा करणार आणि दुसरं कोण हिशोब तपासणार. दोन वेगळी माणसं हवीत.
- कुणी ऐनवेळी माघार घेतली तर किती रक्कम परत मिळणार.
- सामायिक खर्च कोणता आणि हत्यारं-खरेदीचा वैयक्तिक खर्च कोणता.
- प्रवास विमा प्रत्येकाचा. बीपी-शुगरसारखे जुने आजार लपवू नका, नाहीतर क्लेम अडकतो.

टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस कापला जातो. हा जादा खर्च नाही. रिटर्न भरून तो वळता करता येतो किंवा परत मिळतो. पण सुरुवातीला रक्कम हातात लागते. दर बजेटमध्ये बदलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा.

हत्यारं नेता-आणता येतात का?

येतात, पण चेक-इन बॅगेत. पटाशी, करवत, रंधा केबिनमध्ये चालत नाही. धारेवर जाड पुठ्ठा बांधा. कॉर्डलेस ड्रिल चेक-इनमध्ये टाकलं तरी त्याची सुटी लिथियम बॅटरी केबिन बॅगेतच हवी आणि साधारणपणे ती 100 वॉट-अवरच्या आत असावी. हिशोब सोपा आहे : व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरची बॅटरी 90 वॉट-अवर होते, म्हणजे चालते.

जपानमध्ये विजेवर चालणारं यंत्र घेण्याआधी थांबा. तिथे वीज 100 व्होल्टची, आपल्याकडे 230. ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलं तर यंत्र जळेल. हातहत्यारं घ्या, बिलं जपा आणि विकत घेतलेली पाती पॅकिंगमधून काढून रस्त्यात मिरवू नका. कारणाशिवाय 6 सेंटीमीटरपेक्षा लांब पात्याचा चाकू जवळ बाळगणं तिथे गुन्हा आहे.

लाकूड आणायचं का?

कच्चं लाकूड, विशेषतः सालीसकट, आणू नका. त्यातून कीड येते, म्हणून आयातीला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. इथून भेटवस्तू नेतानाही सांभाळा. शिसव आणि शिसम ही झाडं आंतरराष्ट्रीय सायटीस कराराच्या यादीत आहेत. तयार वस्तूंना 10 किलोपर्यंत सूट आहे, कच्च्या फळीला नाही. रक्तचंदनाच्या वाटेला जाऊच नका. त्यापेक्षा सागाची छोटी पोळपाट-लाटणी न्या, सोबत पक्की पावती ठेवा.

कार्यशाळेत शिरल्यावर

किमान दोन महिने आधी लिहून वेळ घ्या. दहा जण एकदम दुकानात घुसले तर कारागिराचं काम थांबतं. दोन गट करा, शिकवण्याचे पैसे आधी ठरवा, न विचारता हत्याराला हात लावू नका आणि व्हिडिओ काढण्याआधी परवानगी घ्या. दुभाष्याचा एक दिवसाचा खर्च वाचवू नका. नुसतं बघणं आणि समजून घेणं यात तोच फरक पाडतो.

थोडक्यात : पहिली वारी नेपाळ, दुसरी जपान. पासपोर्ट आधी, तिकीट नंतर. हिशोब लेखी, हत्यारं चेक-इनमध्ये, बॅटरी केबिनमध्ये. आणि परत आल्यावर बघून आलेला एक तरी सांधा गावात सगळ्यांनी मिळून करून बघा, नाहीतर फक्त फोटो उरतील.