देणगी प्रवेशिकेच्या बाजूने

रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबांविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात एक मत आता जवळजवळ सिद्धांताच्या थाटात मांडले जाते. हे क्लब म्हणजे सुखवस्तूंचा विरंगुळा, त्यांची समाजसेवा छायाचित्रापुरती आणि निधी उभारण्याची त्यांची रीत उधळपट्टीची, असे ते मत आहे. ते केवळ मत्सरापोटी मांडले जाते असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या कामापुढे मान लवावी असे कार्यकर्तेही ते मांडतात. म्हणूनच त्याचा प्रतिवाद करणे अगत्याचे आहे. आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण बळानिशी.

पहिला आक्षेप प्रसिद्धीचा. खरे दान या हाताचे त्या हाताला कळू नये असे असते. इथे रुग्णालयात चार डझन केळी वाटायची तरी दहा जण फलक धरून उभे राहतात. दुसरा आक्षेप पद्धतीचा. नाटकाचा प्रयोग ठरवायचा, नाट्यगृहाचे भाडे भरायचे, नाट्यसंस्थेचे पैसे चुकते करायचे, स्मरणिका छापायची, देणगी प्रवेशिका खपवायच्या आणि उरेल ते एखाद्या शाळेला द्यायचे. त्यापेक्षा सभासदांनी सरळ धनादेश का लिहू नयेत? तिसरा आक्षेप वर्गाचा. सभासदत्व निमंत्रणाने मिळते, आणि डॉक्टर, व्यापारी, बांधकाम व्यावसायिक एकत्र जमतात ते मुख्यतः ओळखी वाढवण्यासाठी. चौथा आक्षेप अनावश्यकतेचा. आरोग्य आणि शिक्षण हे शासनाचे काम. शिवाय २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले. त्या रकमांपुढे एखाद्या क्लबाच्या लाख-दोन लाखांची मातब्बरी ती काय?

आक्षेप चार आहेत, आणि एकही क्षुल्लक नाही. त्यांतला सर्वांत वजनदार दुसरा, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

धनादेशाचा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण प्रयोग झाला नसता तरी तेवढीच रक्कम त्याच कामाला मिळाली असती, असे त्यात मुकाट्याने गृहीत धरले आहे. कोणाकडून मिळाली असती? सभासदांकडून, कदाचित. परंतु देणगी प्रवेशिका घेणारे बहुतेक लोक सभासद नसतात. ते शिक्षक असतात, बँकेतले कर्मचारी असतात, निवृत्तिवेतनावर राहणारी जोडपी असतात. स्मरणिकेत पाव पानाची जाहिरात देणारा किराणा दुकानदार असतो. त्यांच्याकडे धनादेश मागायला कोणी गेले नसते आणि ते आपण होऊन आले नसते. जाहिरातींतून प्रयोगाचा खर्च निघावा आणि प्रवेशिकांचे पैसे कामाला उरावेत, हा या व्यवहाराचा साधा हिशेब आहे. एखाद्या क्लबाला तो जमला नाही, तर त्या क्लबाला जाब विचारावा. त्यावरून पद्धत दोषी ठरत नाही.

पुष्कळांकडून थोडेथोडे जमवण्याची ही रीत आपल्याकडे परकीय क्लबांनी आणली असेही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना लोकांपुढे मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला. एखाद्या धनिकाच्या एका सहीने तो उभा राहिला असता, तर पैशापैशाचा खटाटोप कशाला केला? महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२०मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी मिळाली. तरीही सत्तरी ओलांडलेले कर्वे परदेशात विद्यापीठासाठी निधी जमवत फिरले. या माणसांना हिशेब कळत नव्हता काय? त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ज्याने थोडे का होईना दिले, तो त्या कामाची विचारपूस करू लागतो. मोठ्या देणगीने संस्थेची इमारत उभी राहते. तिच्याभोवती माणसे उभी राहतात ती लहान देणग्यांमुळे. निधी उभारणे ही समाजाला कामात ओढून घेण्याची पहिली पायरी आहे. तीच गाळा म्हणणाऱ्यांनी पुढच्या पायऱ्या कशावर बांधायच्या, हेही सांगावे.

आता प्रसिद्धी. गुप्तदानाचा आदर्श मला मान्य आहे, पण त्याची कक्षा ठरलेली आहे. माणसाने स्वतःचा पैसा गुप्तपणे द्यावा. त्याने अहंकार आवरतो. दुसऱ्याकडून मागून आणलेला पैसा गुप्तपणे खर्च करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तो कुठे गेला, हे चारचौघांत सांगावेच लागते.

आणि काही कामांत तर प्रसिद्धी हेच औषध असते. रोटरीने १९८५ साली पोलिओविरुद्ध जगभर निधी जमवायला घेतला. उद्दिष्ट १२ कोटी डॉलरचे होते. १९८८पर्यंत २४ कोटी ७० लाख जमले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था यांच्या जोडीने जागतिक मोहीम सुरू झाली. तेव्हा सव्वाशेहून अधिक देशांत वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुलांना पोलिओ होत होता. भारतात घरोघर थेंब पाजले ते शासनाच्या आरोग्यसेविकांनी आणि अंगणवाडीताईंनी. ते श्रेय त्यांचेच आहे आणि त्यातला वाटा कोणत्याही क्लबाने मागू नये. पण २००९ साली काय स्थिती होती? देशात ७४१ रुग्ण होते, जगात सर्वाधिक. लस होती, पैसा होता, यंत्रणाही होती. तरी उत्तर प्रदेशातल्या अनेक वस्त्यांत दारे उघडत नव्हती. लसीमुळे मुले पुढे नपुंसक होतात, अशी अफवा पसरली होती. अशा ठिकाणी रोटरीने उलेमांची, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांची, समिती स्थापून त्यांच्या तोंडून पालकांना धीर दिला. पदयात्रा काढल्या, फलक लावले. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. जो फलक आक्षेपकांना दिखाऊ वाटतो, त्याच्याशिवाय लसीकरणाचा दिवस आईपर्यंत पोहोचला कसा असता?

चौथा आक्षेप शासनाचा आणि कंपन्यांच्या निधीचा. त्याला माझे उत्तर एका शब्दाचे आहे: रक्त. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून देशात मोबदला घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. त्या दिवसापासून रक्त ही कोणत्याही धनादेशाने विकत न मिळणारी गोष्ट झाली. ते फार काळ साठवूनही ठेवता येत नाही. तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. मे महिन्यात महाविद्यालये बंद होतात, लोक गावी जातात, रक्तपेढ्यांत खडखडाट होतो. अशा वेळी कंपनीचे दोन टक्के काय करतील? शासनाचा आदेश कोणाच्या दंडातून रक्त काढील? तिथे ओळखीचा माणूस लागतो. तो आदल्या रात्री फोन करतो, सकाळी सभागृहाची किल्ली मिळवतो, दात्यांच्या चहा-बिस्किटांची सोय करतो आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच करतो. हे काम गणेश मंडळे करतात, युवक संघटना करतात आणि सेवा क्लबही वर्षानुवर्षे करतात. पैशाची तुलना पैशाशी करणे सोपे आहे. पण माणसांच्या या जाळ्याची तुलना कोणत्या रकमेशी करणार?

शासनाची जबाबदारी मी नाकारत नाही. ज्या गावात नागरिक एकत्र येऊन काही करतात, तिथेच शासनालाही जाब विचारला जातो, एवढेच माझे म्हणणे आहे.

राहिला वर्गाचा आक्षेप. यातला खरा भाग आधी मान्य करतो. या क्लबांनी दीर्घकाळ स्त्रियांना दाराबाहेर ठेवले. लायन्सने १९८७मध्ये त्यांना सभासदत्व खुले केले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रोटरीविरुद्ध निकाल दिला आणि १९८९मध्ये रोटरीला आपला नियम बदलावा लागला. हा डाग आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. निमंत्रणाच्या पद्धतीमुळे अनेक गावांत आजही ठरावीक थरातलेच लोक आत येतात, हेही खरे.

पण या सत्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. शिकागोत १९०५ साली रोटरी सुरू झाली, तेव्हा परस्परांच्या धंद्याला हातभार हा तिचा एक उघड हेतू होता. तरी दोनच वर्षांनी त्याच मंडळींनी शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी प्रयत्न हाती घेतले. हेतू संमिश्र होता म्हणून ते स्वच्छतागृह निरुपयोगी ठरले काय? आणि मेजवान्यांचा खर्च? लायन्सच्या नियमांत सभासदांच्या वर्गणीचे खाते आणि लोकांकडून जमलेल्या पैशाचे खाते वेगळे ठेवावे लागते. कार्यक्रमाचा प्रत्यक्ष खर्च वजा जाता लोकांचा पैसा लोकांच्याच कामी लागला पाहिजे, असा दंडक आहे. पंगत सभासदांच्या खिशातून व्हावी, हा नियम आहे. तो मोडणारे असतील. पण नियम दाखवून त्यांना पकडता येते. नियमच नाही असे म्हणणाऱ्याला तेही करता येत नाही.

केळीवाटपाचे समर्थन मी करणार नाही. एका दुपारीच संपणारा उपक्रम सेवा म्हणून मिरवू नये. पण याच क्लबांच्या कामांत मिरजेचे लायन्स नॅब नेत्र रुग्णालयही आहे. रोटरी फाउंडेशनचे जागतिक अनुदानही आहे. ते मिळण्याआधी गावाची गरज तपासावी लागते आणि काम पुढे टिकेल कसे, हे दाखवावे लागते. परीक्षा घ्यायचीच तर दोन प्रश्न पुरेत. जमाखर्च मागितल्यावर मिळतो काय? तीन वर्षांपूर्वी बसवलेला जलशुद्धीकरण संच आज चालू आहे काय? जो क्लब यांत नापास होईल त्याला खुशाल नाकारावे. सगळ्यांना एकाच मापाने नाकारणारा मात्र परीक्षा न घेताच निकाल लावतो.

न्यायाधीश वाचक आहेत. निकाल देण्यापूर्वी त्यांनी एक करावे. गावातल्या क्लबाची पुढची देणगी प्रवेशिका विकत घ्यावी आणि नंतर तिचा हिशेब मागावा. तो मागण्याचा हक्क त्या प्रवेशिकेनेच त्यांना दिलेला असेल. दुरून टीका करणाऱ्याला उत्तर द्यायला कोणी बांधील नसते; ज्याने शंभर रुपये दिले, त्याला ते द्यावेच लागते. निधी उभारण्याच्या या पद्धतीचे याहून भक्कम समर्थन मला ठाऊक नाही.