मूळ नक्षत्राखालचा धूसर गुच्छ

वृश्चिकाच्या नांगीतला ठळक तारा हा मूळ नक्षत्राचा योगतारा. त्याच्या दक्षिणेला जेमतेम दोन अंशांवर, आकाशगंगेच्या दाटीत, एनजीसी ६३८० हा गोलाकार तारकागुच्छ आहे. म्हाताऱ्या ताऱ्यांचा हा गोळा. पण मधल्या धुळीने त्याचा उजेड इतका गिळला आहे, की त्याची खरी ओळख पटायला शंभराहून अधिक वर्षं गेली.

असल्या गोळ्यांना ‘गोलाकार गुच्छ’ हे नाव विल्यम हर्शेल यांनी १७८९ मध्ये दिलं. पण त्यांना हा गुच्छ दिसणं शक्यच नव्हतं. इंग्लंडमध्ये ते जिथून आकाश पाहत, तिथे तो क्षितिजाच्या वर चढतच नाही. त्यांचे चिरंजीव जॉन हर्शेल सव्वाअठरा इंची आरशाची दुर्बीण घेऊन आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला गेले आणि १८३४ मध्ये त्यांना तो दिसला. तारे सुटे दिसेनात, म्हणून त्यांनी तो तेजोमेघ मानला. १९५०च्या दशकात डेव्हिड थॅकरे यांनी तो तारकागुच्छ असल्याचं ओळखलं. तिकडे मेक्सिकोतल्या तोनान्त्सिन्त्ला वेधशाळेत, मूळच्या इस्तंबूलच्या पारिस पिस्मिश यांना तो स्वतंत्रपणे सापडला. १९५९ मध्ये त्यांनी त्याला ‘तोनान्त्सिन्त्ला १’ म्हटलं. हर्शेल यांच्या यादीतला तेजोमेघ आणि हा गुच्छ एकच, म्हणून आजही त्याला दोन नावं.

आपल्याकडून मात्र तो दिसतो. विदर्भातलं वर्धा पावणेएकवीस उत्तर अक्षांशावर आहे. तिथून हा गुच्छ दक्षिणेला तब्बल तीस अंश चढतो. अडचण ऋतूची. तो मध्यरात्री माथ्याच्या रेषेवर येतो जूनच्या उत्तरार्धात, आणि तोवर मृगाचे ढग आलेले असतात. म्हणून एप्रिलच्या मध्यात पहाटे चारच्या सुमारास, किंवा मे सरता सरता रात्री दीडनंतर, चंद्र नसताना गावाच्या दिव्यांपासून दूर जावं. विदर्भाच्या उन्हाळ्यात दिवसा नकोसं होतं, पण त्या रात्री मला फार मोलाच्या वाटतात.

इतका अंधूक गुच्छ पाहायला मोठा आरसा हवा, आणि हौशी माणसाच्या हाती दहा-बारा इंची आरसा आला तो जॉन डॉब्सन यांच्यामुळे. १९४४ मध्ये ते सान फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात दाखल झाले. जहाजाच्या खिडकीच्या काचा घासून आरसे, पुठ्ठ्याची नळी, प्लायवुडची बैठक, अशी त्यांची स्वस्त दुर्बीण. आज जगभर ती डॉब्सोनियन म्हणून ओळखली जाते.

एनजीसी ६३८०साठी डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी, मोठ्या वर्धनाचं नेत्रभिंग लावावं, म्हणजे मागचं आकाश काळवंडतं. खेटून असलेला एक तारा नडतो. थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवावी. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यावर मध्यापासून बाजूलाच दाट असतात. मग एक धुरकट गोल डाग जाणवतो.

तो पक्का झाला की ईशान्येकडे अर्ध्या अंशाहून थोडं पुढे सरकावं. तिथे पिस्मिश यांचाच ‘तोनान्त्सिन्त्ला २’ आहे, याहूनही अंधूक. त्याला आणखी मोठा आरसा लागेल.