बाबासाहेबांची डबल पाळी

गिरणीत कुणी डबल पाळी केली की आपण म्हणतो, घर भागंना म्हणून केली. बाबासाहेबांचंही तेच. १९२३ साली बॅरिस्टरी सुरू केली, सनदेला पैसे नवल भाथेना या पारशी मित्रानं दिले. पण अस्पृश्याला ब्रीफ देतो कोण? सॉलिसिटर मंडळी हात आखडता घ्यायची. मग १९२५ पासून बाटलीबॉयच्या इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवायचं जोडकाम धरलं. १९२८ ला सरकारी लॉ कॉलेज. (वकिलाला रोज तीन तासांपर्यंत कायदा शिकवायची मुभा देणारा नियम आला १९७९ ला!)

शिकवण्याच्या पगारावर चूल पेटायची. अन् परळला दामोदर हॉलमधल्या कचेरीत गरीब अशील यायचा, खिसा रिकामा. तरी त्याचं काम व्हायचं. आता यातलं मेन काम कंचं अन् जोडकाम कंचं, तुम्हीच सांगा.

१९२६ ला पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात जेधे-जवळकरांची बाजू मांडली, ते सुटले. महाडच्या तळ्याचा दावा डिसेंबर १९२७ चा. त्यात तर बॅरिस्टर स्वतःच प्रतिवादी! दहा वर्षं तारखा. मार्च १९३७ ला हायकोर्टात आपली बाजू जिंकली, तेव्हा ते त्याच लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते.