झाडीतली नाटके आणि पोटाची सोय

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाचा धंदा काय, असे कोणी विचारले तर 'धानाची शेती' असे सांगून आपण मोकळ्या होतो. पण दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत यांतलीच कितीतरी माणसे राजे, वकील, दारुडे नि खाष्ट सासरे होतात व त्यावर घर चालवतात. त्या झाडीपट्टीच्या नाटकांविषयी चार शब्द लिहिते.

नाटकांच्या आधी आपल्याकडे दंडार आणि खडी गंमत असे. बाईचे काम लुगडे नेसलेला मुलगाच करी. पुढे मंडईला व शंकरपटाला नाटक लावण्याचा प्रघात पडला. दिवसा बैलांच्या शर्यती, पाहुण्यांची वर्दळ, सोयरिकीची बोलणी. रात्री जेवणे आटोपली की उजाडेपर्यंत नाटक. धान निघालेले, बांधी मोकळी, घरात चार पैसे आलेले, आणि नटाच्याही हाताला दुसरे काम नाही. हे मोकळे दिवस होते म्हणूनच आपल्याकडे कलेचा धंदा होऊ शकला, असे मला वाटते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, तरी नाटके चालूच राहिली. २०२३ साली त्याच न्यायालयाने शर्यतींना मोकळीक दिली.

आरंभी गावचीच मंडळी हौसेने तोंडाला रंग लावीत. मग वडसा येथे कंपन्या निघाल्या. वडसा म्हणजेच देसाईगंज. रेल्वेचे ठाणे असल्याने बाहेरच्या कलावंतांना ते सोयीचे. गावचे मंडळ कंपनीशी रक्कम ठरवते, तिकिटे विकते, आणि नट, तबलजी, ऑर्गनवाला यांना रात्रीच्या हिशेबाने पैसे मिळतात. काल रोवणीच्या चिखलात असलेला मनुष्य असा पगारी नट झाला. त्याने नांगर मात्र सोडला नाही. शहाणपणाच केला म्हणायचा, कारण २०२० साली कोरोनामुळे पडदा पडला तेव्हा शेतीनेच पुष्कळांना तारले.

कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे याच रंगभूमीवर वाढले. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे निरनिराळ्या भूमिका त्यांनी केल्या. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या बोलीतल्या हसवणुकीला दिल्लीने मान दिला, म्हणून आम्ही पेढे वाटले.

बायकांची गोष्ट निराळी. मुंबईत १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली. आपल्याकडे मात्र घरची सून रंगमंचावर जाणार म्हटले की अजूनही भुवया वर होतात. माझ्या ओळखीच्या एका बाईंचा गळा गोड. नवरा गेल्यावर त्या रोवणीला जात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडीत. पुढे एका कंपनीत गाणारी म्हणून लागल्या. पहिल्या वर्षी भाऊबीजेला सख्खा भाऊ आला नाही. दुसऱ्या वर्षी मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, तेव्हा पैसे त्याच नाटकाचे होते. मग भाऊही आला आणि पुढच्या बाकावर बसून नाटक पाहून गेला! बाईने त्याला तिकीट काढायला लावले, हे मला फार आवडले.

आता त्यांचा आवाज बसला आहे. रात्री जागून शेकडो प्रयोग केले की घसा राहील कसा? राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना मानधन देते, त्यासाठी अर्ज करायचा आहे. पण किती वर्षे काम केले याचे पुरावे हवेत. बाईंकडे नऊ जाहिराती निघाल्या, त्यांपैकी सात जाहिरातींवर कंपनीने दिलेले नाव आहे, रेशनकार्डावरचे नाही. तेव्हा ज्या घरी जुन्या मंडईचे फोटो, पत्रके, मंडळाच्या हिशेबाच्या वह्या पडून असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. एका वहीत बाईंच्या खऱ्या नावाने पैसे पोचल्याची सही आहे, असे कालच कळले. ती वही आणायला आम्ही दोघी-तिघी रविवारी जाणार आहोत.