घरच्या पडद्यावरील चित्राची प्रत : डिस्क प्लेअर आणि स्ट्रीमर

नांदेड, लातूर या शहरांतील अनेक घरांत लग्नाची चित्रणे आजही सीडी-डीव्हीडींवर आहेत. नवे चित्रपट मात्र इंटरनेटवरून येतात. त्यामुळे जुना प्लेअर ठेवावा की केवळ स्ट्रीमरवर भागवावे, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे असतो.

चित्रबिंदू : आपल्याकडील पाल पद्धतीच्या व्हीसीडीवर चित्र ३५२ × २८८, तर डीव्हीडीवर ७२० × ५७६ बिंदूंचे असते. ब्लू-रे आणि फुल एचडी स्ट्रीमिंगमध्ये ते १९२० × १०८०, म्हणजे सुमारे वीस लाख बिंदूंपर्यंत जाते.

माहितीचा वेग : केवळ बिंदूंवरून प्रत ठरत नाही. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती मिळू शकते. फुल एचडी स्ट्रीमिंग सुमारे ५ मेगाबिटवर चालते. आधुनिक संकोचन पद्धती ही तफावत बरीच भरून काढतात. तरीही अंधारातील दृश्ये, पाऊस व धूर यांत चौकोनी ठिपके दिसू शकतात. इंटरनेटचा वेग घटला की स्ट्रीमर चित्राची प्रत आपोआप उतरवतो. ५ मेगाबिटच्या वेगाने मोबाईलचा दीड जीबी डेटा अवघ्या ४० मिनिटांत संपतो.

हालचाल : चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चौकट दोनदा, तर पुढची तीनदा दाखवावी लागते. त्यामुळे संथ सरकणारे दृश्य अडखळते. पाल डीव्हीडीवर चित्रपट २५ चौकटींच्या गतीने चालतो. अडखळणे टळते, पण तीन तासांचा चित्रपट सुमारे सात मिनिटे आधी संपतो. चौकटींच्या गतीशी जुळवून घेण्याची सोय स्ट्रीमरमध्ये असल्यास ती सुरू करावी.

लग्नाची डीव्हीडी : अशा चित्रणात प्रत्येक चौकट बहुधा दोन अर्ध्या भागांत नोंदलेली असते. हे भाग नीट जोडले गेले नाहीत, तर अक्षता टाकणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. हा दोष चित्रणाचा नसून साधनाचा असतो.

तुलना कशी करावी : एकच दृश्य, एकच टीव्ही, चित्राची मांडणीही तीच ठेवावी. रात्रीचा प्रसंग, वेगवान हालचाल आणि चेहऱ्याचा रंग, या तीन गोष्टी पाहाव्यात.

नव्या चित्रपटांसाठी चांगले ब्रॉडबँड असल्यास स्ट्रीमर पुरेसा आहे. घरी नोंदलेल्या डिस्कवरील रंगद्रव्य मात्र उष्णतेने खराब होते, आणि मराठवाड्याचा उन्हाळा कडक असतो. म्हणून जुना प्लेअर किंवा संगणकाचा डीव्हीडी ड्राइव्ह टाकून देण्यापूर्वी डिस्कमधील मूळ फाइल पुन्हा न आकसता दोन ठिकाणी उतरवून ठेवाव्यात. चित्रपट पुन्हा मिळेल. लग्नातल्या आजीचा चेहरा मिळणार नाही.