तोतयाची परंपरा

दि. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी लोकांत संशय उरला आणि पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. या अनिश्चिततेतूनच भाऊंच्या तोतयाचा उदय झाला. सुखनिधान नामक हा कनोजी ब्राह्मण रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत असता तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्यास मुक्त केले. पाहता पाहता कोकणातील अनेक किल्ले त्याच्या स्वाधीन झाले. अखेर रघुजी आंग्रे यांनी त्यास पकडले व १७७६ मध्ये पुण्यात त्यास देहान्त शासन झाले.

हे यश केवळ रूपसादृश्याचे नव्हे. भाऊ परत यावेत ही सामान्यांची आशा आणि कारभाऱ्यांवर रुष्ट असलेल्यांचा स्वार्थ, या दोहोंनी त्यास भाऊपण बहाल केले.

आजच्या ‘डिजिटल अटके’तील तोतया व्यक्तीचे नव्हे, पदाचे सोंग घेतो. दूरध्वनीच्या पडद्यावर गणवेश, राजमुद्रा व कचेरीची भाषा एवढे त्यास पुरते. येथे आशेची जागा भीतीने घेतलेली असते. अशी अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरून सांगावे लागले. मात्र एक भेद महत्त्वाचा होय. पेशवाईतील तोतयास लोकांसमोर यावे लागे व भाऊंना ओळखणारे त्याची पारख करू शकत. आजचा तोतया ‘कोणाशी बोलू नका’ असे प्रथमच बजावतो. कारण ओळख पटविण्यास तिसरा साक्षीदार लागतो, हे तो पुरते जाणून असतो.